हिशोबाची दुसरी प्रत कुठे आहे?



आज बोलायचं आहे संगणकातल्या हिशोबाच्या जास्तीच्या प्रतीबद्दल, म्हणजे बॅकअपबद्दल.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वीज कडाडली आणि माझ्या घरचा संगणक बंद पडला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. दुरुस्तीवाले दादा म्हणाले, "ताई, डिस्क गेली." आमच्या गटांची कर्जखाती त्यातच होती. तरी मी निर्धास्त होते, कारण पेनड्राइव्हमध्ये प्रत होती. उघडून पाहिली तर ती दिवाळीच्या आधीची निघाली! मग घरोघरची पासबुकं गोळा करून सहा संध्याकाळी आम्ही हिशोब पुन्हा मांडला. तोवर बँकेचा कर्जप्रस्ताव लांबला, मृग लागला, आणि आमच्यातल्या एका ताईला बियाण्यासाठी सावकाराच्या दारी जावं लागलं. चूक माझी होती. प्रत ठेवली होती, पण कधी उघडून पाहिली नव्हती.

नियमित लेखे हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र. पण लेखे लिहून भागत नाही, जपावेही लागतात. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. निवडताना चार गोष्टी विचारा. पैसे किती? जुनी प्रतही राहते का? चुकून खोडलेलं परत मिळतं का? आणि दुसऱ्या संगणकावर ती फाइल सहज उघडते का?

विंडोज 10 आणि 11 मध्ये 'फाइल हिस्ट्री' आधीच असते, फुकट. बाहेरची डिस्क जोडायची, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ती सुरू करायची आणि हिशोबाच्या फाइली 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवायच्या. बदललेल्या फाइलीची नवी प्रत होते आणि जुनीही राहते. कालची बरोबर रक्कम आज चुकून खोडली, तरी कालची फाइल मिळते.

'फ्रीफाइलसिंक' हेही फुकट आहे. डावीकडे संगणकाचा फोल्डर, उजवीकडे पेनड्राइव्हचा. त्यात 'अपडेट' निवडा. 'मिरर' निवडलं, तर डावीकडून खोडलेली फाइल उजवीकडूनही जाते. सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. कोणी फुकटात 'क्रॅक' केलेलं महागडं सॉफ्टवेअर दिलं, तर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो.

तिसरी सोय गूगल ड्राइव्हची. 15 जीबी जागा फुकट मिळते, पण त्यातच ईमेल आणि फोटोही मोजले जातात. हिशोबाच्या फाइलींना जागा थोडीच लागते. मात्र आधार आणि पासबुकाचे फोटो तिथे असतील, तर पासवर्ड पक्का ठेवा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. खोडलेली फाइल तिथल्या कचरापेटीत 30 दिवसच राहते, हेही लक्षात असू द्या.

आता प्रत ठेवायची कुठे? 22 जुलै 2023 आठवा. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यात पूर आला, महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं अडकली. अशा वेळी एकाच घरातला संगणक आणि त्याच कपाटातला पेनड्राइव्ह, दोन्ही एकदमच भिजतात. म्हणून तीन प्रती ठेवा: एक संगणकात, एक डिस्कवर, आणि एक घराबाहेर. ती अध्यक्षताईंकडे असो की गूगल ड्राइव्हवर. काम झालं की डिस्क काढून ठेवा. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरसने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले होते. असा व्हायरस आला, तर जोडून ठेवलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. काढून ठेवलेली वाचते.

आम्ही आता बैठक संपली की त्याच संध्याकाळी प्रत काढतो. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडतो आणि एका ताईची बाकी तिच्या पासबुकाशी ताडून पाहतो. जुळली, तरच ती प्रत खरी.

आपलं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. जगात तोच दिवस बॅकअप दिवस म्हणून पाळतात. पण तोवर थांबू नका. पुढच्या बैठकीत हिशोब लिहिणाऱ्या ताईला एवढंच विचारा: "ताई, दुसरी प्रत कुठे आहे? उघडून दाखवता का?" यात कुणावर अविश्वास नाही. पैसा आपल्या सगळ्यांचा आहे, तेव्हा त्याची राखणही सगळ्यांनीच करायची.