बापलेकांची एकच शिकवणी
(नागपूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीतविद्या सामान्य गृहस्थांच्या घरी आणिली. आमच्या नागपुरात वसंतराव देशपांडे बालवयातच शंकरराव सप्रे यांच्यापाशी शिकले. ज्यांस बालपणी असा योग लाभला नाही, त्यांनी काय करावे? मुलाच्या शेजारी पेटी घेऊन बसावे, असे आमचे नम्र मत आहे.

चिरंजीवांसमवेत आम्हीही पेटी शिकत आहो. त्यांची बोटे चपळ, आमची ताठर; परंतु डाव्या हाताने भाता सारखा राखून एकच अलंकार पुनःपुन्हा घोटण्याचा धीर प्रौढास अधिक. यमनातील तीव्र मध्यम वडिलांकडून सुटल्यास मुलाने सांगावे व वडिलांनी निमूटपणे तो पुन्हा वाजवावा. शिकणाऱ्यास विनय हवा, हे मुलास याहून चांगले कोण शिकवील?

परीक्षेचे प्रमाणपत्र मिळताच पुष्कळ घरांतील पेटी माळ्यावर जाते. आईवडीलही रियाजास बसले, तर ती बैठकीतच राहील. म्हणून ‘वाजव’ म्हणण्यापेक्षा ‘चल, वाजवू’ म्हणावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.