गाडीचा एसी मध्येच का थांबतो?

वैशाखाच्या उन्हात मुडबीहून कलबुर्गीला निघालात आणि गाडीचा एसी मध्येच थांबला, तर तो दरवेळी बिघाडच असतो असं नाही. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना दाब उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो द्रव उकळून हवेतली उष्णता शोषतो.

कंडेन्सर धुळीनं बुजला किंवा पंखा बंद पडला, की दाब वाढतो. गॅस गळला, की दाब घटतो आणि गॅससोबत फिरणारं तेलही कॉम्प्रेसरला पुरत नाही. दोन्ही वेळी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. कॉइलवर बर्फ धरू लागला, तर तापमानाचा सेन्सर तेच काम करतो.

प्रेशर स्विच कॉम्प्रेसर वाचवण्यासाठीच असतो; म्हणून तो वायरनं परस्पर जोडून एसी चालवू नका. गॅस कमी झाला असेल, तर आधी गळती शोधून घ्या, मगच गॅस भरा.