शाळेच्या पटावर, कॉलेजच्या वर्गात

अमेरिकेत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याने शाळेच्या पटावर राहूनच महाविद्यालयाचा एखादा अभ्यासक्रम पुरा करावा आणि त्याची नोंद दोन्हीकडे व्हावी, अशी जी सोय रूढ झाली आहे, तिला दुहेरी प्रवेश म्हणता येईल. ‘ज्युनिअर कॉलेज’ या परिचित शब्दामुळे मराठी श्रोत्यांचा येथे गैरसमज होण्याचा संभव आहे. कारण महाराष्ट्रात अकरावीचा वर्ग महाविद्यालयाच्या इमारतीत भरला, तरी अभ्यासक्रम शालेयच असतो, तर अमेरिकेत सोळा वर्षांची मुलगी प्रत्यक्ष पदवीचे श्रेयांक, म्हणजे पदवीच्या हिशेबात जमा होणारी अभ्यासाची एकके, मिळवत असते.

या सोयीला राज्यव्यापी कायद्याचा आधार मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये, रूडी पर्पिच गव्हर्नर असताना, दिला. विद्यार्थ्यामागे शाळेला मिळणाऱ्या सरकारी रकमेतील वाटा त्याच्याबरोबर महाविद्यालयाकडे जावा, हे त्या कायद्याचे मर्म होते, आणि शाळांकडून त्याला विरोध झाला तो मुख्यतः याच कारणाने. वॉशिंग्टन राज्याने १९९० च्या कायद्याने ‘रनिंग स्टार्ट’ ही योजना आणली. तीत शिकवणी शुल्क माफ असले, तरी पुस्तके आणि प्रवास यांचा खर्च सामान्यतः कुटुंबावरच पडतो. मिनेसोटात मात्र पुस्तकांचाही भार विद्यार्थ्यावर नसतो, आणि गरीब कुटुंबांना प्रवासखर्चाची भरपाई मागता येते. हा फरक किरकोळ मानणे चूक ठरेल, कारण ज्या घरी गाडी नाही, त्या घरच्या मुलाला वीस मैलांवरचे मोफत महाविद्यालयही परवडत नाही.

वेळेची व पैशाची बचत हा या सोयीचा सर्वांत गाजलेला लाभ आहे. परंतु सोळाव्या वर्षी मिळालेली श्रेणी महाविद्यालयीन गुणपत्रकात कायम राहते, आणि नापासाची नोंद पुढे सरकारी आर्थिक साहाय्याची पात्रता ठरवतानाही आड येऊ शकते, हे प्रवेशाच्या वेळी क्वचितच पुरेसे समजावले जाते. शिवाय राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात सहज मान्य होणारे श्रेयांक एखादे खासगी विद्यापीठ नाकारू शकते. हे सारे आधी सांगण्याचे काम शालेय समुपदेशकाचे असते. समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी हे प्रमाण सुचवले असले, तरी देशाची सरासरी त्याहून जास्तच आहे. आणि ज्या मुलाच्या आईवडिलांनी महाविद्यालय पाहिलेले नाही, त्याला तर हे समजावून सांगणारे घरीही कोणी नसते.