जुन्या पिकअपला पॉवर ब्रेक: बूस्टर बसवला की झालं?

आजचा एपिसोड जरा ग्रीसचे हात लागलेला आहे. आठवडाभर मी कोड लिहितो, पण शनिवारी इथे टेक्सासमध्ये एका मित्राच्या गॅरेजमध्ये असतो. त्याच्याकडे १९६८ ची शेव्हरले सी-१० पिकअप आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पॉवर असिस्ट नाही. आता त्याचा १७ वर्षांचा मुलगा ती चालवणार. त्याचा पाय नव्या गाडीच्या हलक्या पेडलला सरावलेला. हायवेवर पुढची गाडी अचानक थांबली आणि त्याने सवयीने हलकंच पेडल दाबलं, तर? म्हणून मित्राने विचारलं, "बूस्टर बसवला की झालं ना?"

नाही झालं. का, ते बघू.

बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढे, बॉनेटखाली दिसणारा गोल डबा. त्याच्या आत रबरी पडदा असतो, डायफ्रॅम. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, तो पाइपने या डब्यात येतो. पेडल दाबलं की पडद्याच्या मागे बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. गणित करा: ११ इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस इंच. १८ इंच व्हॅक्यूम असेल तर दर चौरस इंचाला जवळपास ९ पौंड दाब. म्हणजे कागदावर ३८० किलोच्या आसपास जोर! फुकटात, नुसत्या हवेचा.

पण हा जोर तुमच्या पायाला मिळतो, चाकाला नवीन पकड मिळत नाही. पूर्ण दाबल्यावर चाकं आधीच लॉक होत असतील, तर बूस्टरने ती फक्त कमी कष्टात लॉक होतील. गाडी शेवटी टायर थांबवतात. आणि उतारावर ड्रम तापून ब्रेक ढिले पडत असतील, तर बूस्टर लावूनही ते तापणारच.

म्हणून पुढच्या चाकांना डिस्क. इथे एक गंमत आहे. ड्रम फिरताना ब्रेक शूला स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे कमी जोरात काम होतं. डिस्कला ही मदत नाही, तिला जास्त दाब लागतो. त्यामुळे डिस्क आणि बूस्टर ही जोडी एकत्र यावी. शेव्हरलेने १९७१ पासून सी-१० ला पुढे डिस्क स्टँडर्ड दिल्या, त्यामुळे पार्ट मिळतात. फक्त लक्षात ठेवा, त्याच वर्षी चाकाचे बोल्ट ६ चे ५ झाले. पुढे ५ आणि मागे ६ असं झालं, तर एकच स्टेपनी चारही चाकांना चालणार नाही.

आता बाकीची साखळी. सॉफ्टवेअरवाल्यांनो, एक लायब्ररी अपडेट केली की बाकीच्या रुसतात ना, तसंच.

एक, पेडलचा रेशो. बिनपॉवरच्या ब्रेकला साधारण ६ ला १, पॉवरला ४ ला १ च्या आसपास. जुना रेशो तसाच ठेवला तर ब्रेक नको तितका पटकन चावतो.

दोन, मास्टर सिलिंडर. ड्रमसाठीच्या सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तोच डिस्कला जोडला तर पॅड घासत राहतात. गाडी १९६६ किंवा त्याआधीची असेल, तर सिंगल सर्किट असतं: एक गळती, आणि चारही ब्रेक गेले. तिथे बूस्टरच्याही आधी ड्युअल मास्टर सिलिंडर लावा.

तीन, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि मागचं हलकं होतं, शिवाय पिकअपचा हौदा रिकामा असतो. मागचा दाब आवरला नाही, तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते.

चार, बूस्टर आणि सिलिंडरमधला पुशरॉड. जास्त लांब असेल तर ब्रेक सुटतच नाही, आखूड असेल तर पेडल पोकळ लागतं. मापूनच बसवा.

पाच, व्हॅक्यूम. रेसिंग कॅम असलेल्या इंजिनचा व्हॅक्यूम कमी पडतो. आणि आपल्याकडच्या डिझेल पिकअपवाल्यांनो, डिझेलला असा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. पेडल अचानक जड झालं, तर तो पंप आणि त्याचा पाइपही तपासा.

घरी करता येईल अशी चाचणी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय. तसूभरही हललं नाही, तर व्हॅक्यूम पोचत नाहीये.

तर मित्राने आता फक्त बूस्टर न घेता पूर्ण किट मागवलंय. सगळं बसल्यावर रिकाम्या पार्किंगमध्ये, कमी वेगाने, आधी बाप चालवणार, मग मुलगा. तुमच्या जुन्या गाडीचं पेडल कसं लागतं, कमेंटमध्ये सांगा. ब्रेकच्या कामाचा हात नसेल, तर चांगल्या मिस्त्रीला सोबत घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!