पॅरिसचे सूर, दादरची पेटी

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलं की क्रिकेटच्या आरडाओरड्यातून मागच्या गल्लीतली पेटी कधीमधी कानावर येते. सा लावला जातो, कुणीतरी गळा साफ करतं. पेटीवाल्यांच्या बोलीत आतल्या पितळी पात्यांना ‘सूर’ म्हणतात. जुनी पेटी उघडून कुणी ‘कॅस्रियलचे सूर’ म्हटलं की जाणकार पुढे सरकतात. कॅस्रियल हा पॅरिसचा कारखाना.

हार्मोनियमचा जन्मही तिथलाच. अलेक्सांद्र दबँने 1842 मध्ये तिचं पेटंट घेतलं. मोठा पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चला ही पेटी सोयीची होती.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचा मुख्य ऑर्गनवादक लुई व्हिएर्न जन्मापासून जवळजवळ आंधळा होता. 1900 साली तो तिथल्या ऑर्गनच्या बाकावर बसला. हाताशी मोठा पाइप ऑर्गन असूनही त्याने 1914 मध्ये छापलेल्या चोवीस रचना ऑर्गनवर किंवा साध्या हार्मोनियमवर वाजवता येतील अशाच लिहिल्या. 2 जून 1937 रोजी भर मैफलीत तो ऑर्गनवरच कोसळला. पाय खालच्या पट्टीवर पडला आणि एक खर्जातला सूर घुमत राहिला, असं सांगतात.

हार्मोनियमच्याच घराण्यातलं दुसरं वाद्य मराठी संगीत नाटकात आलं, तो पायाने भाता मारायचा ऑर्गन. फ्रेंच पेटीत हवा बाहेर ढकलली जाते, यात आत ओढली जाते. म्हणून आवाज मऊ, गळ्याला धार्जिणा. व्हिएर्न उंचावर, श्रोत्यांकडे पाठ करून, एकटाच वाजवायचा. आपला ऑर्गनवाला रंगमंचापुढे खाली बसतो आणि नटाच्या ओठांवर डोळे लावतो. हा फरक वाद्याहून मोठा!

गंमत अशी की ज्या आकाशवाणीवर हे बोललं जातंय, तिनेच 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड निघत नाही, सूर ठरलेले, ही तक्रार खोटी नव्हती. बंदी सैल व्हायला तीसएक वर्षं लागली. नाट्यगृहांत मात्र ऑर्गन वाजतच होता. राम मराठे, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व यांना साथ करणारे गोविंदराव पटवर्धन ऑर्गन आणि पेटी दोन्हींचे बादशहा होते.

पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर 1965 पासूनचं शिवाजी मंदिर नाट्यगृह आहे. नाट्यपद रंगतं, नट तान लांबवतो, मध्येच श्वासासाठी थांबतो. त्या क्षणी ऑर्गनवाल्याचे हात स्तब्ध असतात. पाय मात्र हलके हलके भाता मारतच असतात.