कापलेले नाक आणि विटा पाडणाराचे हात



शस्त्रवैद्यकाचा इतिहास सांगताना सुश्रुतापासून आरंभ करून एकदम इंग्लंडच्या लिस्टरपाशी येण्याचा प्रघात आहे. मधल्या शतकांत जणू कोणी जखम शिवलीच नाही! त्या काळात ही विद्या कोणाच्या हाती होती, याचे एक उत्तर पुण्याजवळ सापडते.

१७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी सैन्याचे बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या शिपायांच्या तावडीत सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात छाटला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आहे. लिहिणाराने ते कानी पडले तसे टिपले असावे. नाक जाणे म्हणजे अब्रू जाणे, हे आपली भाषाच सांगते. ते दुःख घेऊन तो सुमारे वर्षभर वावरला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका इसमाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील क्रुसो व फिंडले या दोन डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली.

कारागिराने प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून सुबक नाक घडविले. मग तो पत्रा चपटा करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडविली. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये तिची एक अरुंद पट्टी जोडलेली राखली. सारे मर्म या पट्टीत आहे. नवी जागा धरीपर्यंत कातडीला रक्त मिळते ते तिच्यातूनच. थोटकाचा जुना व्रण खरवडून तेथे चीर पाडली. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली व तिची कड त्या चिरेत बसविली. टाका एकही नाही. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना फासून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटविल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली. रोग्याला भूल कोठली! ईथरचा जाहीर प्रयोग झाला तो १८४६ साली.

सुश्रुतसंहितेत नाकाएवढे पान मापून गालाची कातडी घेण्यास सांगितले आहे. येथे पानाऐवजी मेण आहे आणि गालाऐवजी कपाळ. म्हणजे ग्रंथाबाहेर कोणीतरी ही रीत बदलली व पुढच्या पिढीच्या हाती दिली. सुश्रुताने शिष्याला कोहळ्यावर व कमळाच्या देठावर हात बसविण्यास सांगितले होते. पुढे पोथी पंडितांच्या घरी राहिली आणि हात कारागिरांच्या घरी. दोघांची गाठ क्वचितच पडली. या विद्येचे मोठे नुकसान झाले ते येथे.

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ मासिकात ही हकीकत चित्रासह छापली गेली. जोसेफ कार्प्यू या सर्जनने ती मनावर घेतली, प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली एका सैनिकी अधिकाऱ्याला नवे नाक दिले. १८१६ साली त्याचे पुस्तक निघाले व ही रीत युरोपभर पसरली. कपाळाच्या कातडीने नाक घडविण्याची शस्त्रक्रिया आजही रुग्णालयांत होते.

रोग्याचे नाव उरले, पाहणाऱ्या डॉक्टरांचे उरले, रोग्याचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचेही उरले. ज्याने नाक घडविले त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

हा भाग वर्गात शिकविताना कागद पुरेसा आहे. मुलांना कागदावर चेहरा काढू द्यावा. कपाळावर रुंद भाग वर व अरुंद देठ भुवयांच्या मध्ये येईल असे पान आखून, देठ शाबूत ठेवून ते कापावे व पीळ देऊन नाकाच्या जागी आणावे. एखादे मूल देठही कापून बसेल. त्याला रागावू नये. पंचविसाव्या दिवसापर्यंत का थांबावे लागले, हे त्याच्याच कागदावरून साऱ्या वर्गाला दाखवावे.