बारावीनंतर क्ष-किरणांच्या खोलीत



पुणे स्टेशनाजवळचे ससून रुग्णालय तुम्हांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. १८६७ सालापासून ते उभे आहे. तिथल्या बाकावर ज्याचा एकही माणूस कधी बसला नाही, असे गाव पुणे जिल्ह्यात सापडणे कठीण. तिथे काय, किंवा दुसऱ्या कुठल्या मोठ्या दवाखान्यात काय, सकाळी एका दारासमोर हटकून रांग लागलेली दिसते. कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणी खोकून बेजार झालेला, कुणी चाकाच्या खुर्चीत. विचारले तर म्हणतील, "फोटू काढायला धाडलंय डाक्टरांनी." क्ष-किरणांच्या चित्राला आपण फोटोच म्हणतो. मीही आज तोच शब्द वापरणार आहे.

त्या दाराच्या पलीकडे जो माणूस उभा असतो, त्याच्याविषयी मला बोलायचे आहे. रांगेतल्या लोकांना तो डॉक्टर वाटतो. तो डॉक्टर नसतो. सरकारी जाहिरातीत त्याला 'क्ष-किरण तंत्रज्ञ' म्हणतात. मी पुण्यातल्याच एका रुग्णालयात तो माणूस म्हणून आयुष्य काढले. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यापासून सुरुवात केली, आणि निवृत्त झालो तेव्हा फोटो क्षणात संगणकाच्या पडद्यावर उमटत होता. पहिल्या वर्षी किती फिल्मा वाया घालवल्या, ते मात्र आज सांगत नाही.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. पुरंदर तालुक्यातले एक अंजिराचे बागाईतदार आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी बारावी शास्त्र शाखेत चांगल्या गुणांनी पास झालेली. पण डॉक्टरीच्या 'नीट' परीक्षेत गुण कमी पडले. कुणीतरी सांगितले, एक्स-रेचा कोर्स करा, लगेच नोकरी. शहरातल्या एका खाजगी संस्थेचे रंगीत पत्रक त्यांच्या हातात होते. सहा महिन्यांत एक्स-रे, सी.टी., एम.आर.आय. सगळे शिकवू, नोकरीची हमी. निम्मी फी भरून झाली होती. म्हणजे अंजिराच्या एका बहराची बरीचशी कमाई गेली होती.

मी मुलीला विचारले, "चार महिने जातेस ना तिथं? यंत्र कसलं आहे?"

ती म्हणाली, "यंत्र भिंतीवर आहे काका. चित्रात."

वडील खाली मान घालून बसले. पैसे परत मिळाले नाहीत, वर्ष गेले ते गेलेच. ही एकट्या पुरंदरची गोष्ट नाही, म्हणून सांगतो. कुठल्याही संस्थेत पाऊल ठेवण्यापूर्वी विचारा की, हिला मान्यता कुठल्या विद्यापीठाची आहे, आणि शिकताना मूल कुठल्या रुग्णालयात, कुठल्या यंत्रावर हात बसवणार आहे. उत्तर कागदावर मागा. तोंडी हमीला आमच्या धंद्यात किंमत नाही. महाराष्ट्रात नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याची बी.पी.एम.टी. नावाची पदवी आहे, म्हणजे परावैद्यक तंत्राची पदवी. तिच्यात क्ष-किरण तंत्राची शाखा आहे. तीन वर्षांचा अभ्यास आणि पुढे रुग्णालयात उमेदवारी. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवे. प्रवेशाचे नियम बदलत असतात; २०२१ साली संसदेने या सगळ्या धंद्यांसाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी काय लागले, यावर विसंबू नका. त्या वर्षीचे माहितीपत्रक विद्यापीठाकडूनच घ्या.

बागाईतदारांनी मग मला सरळच विचारले, "म्हंजी पोरगी कंपाउंडरच होणार का हो?"

प्रश्न रास्त होता. या क्षेत्राला दारे निरनिराळी आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. फोटो पाहून रोगाचे निदान लिहितो तो रेडिओलॉजिस्ट. तो पूर्ण डॉक्टर असतो; आधी साडेचार वर्षे एम.बी.बी.एस., वर वर्षाची उमेदवारी, आणि मग आणखी तीन वर्षे एम.डी. दुसरे दार भौतिकशास्त्रवाल्यांचे. एम.एस्सी. झालेल्यांसाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून किरणांच्या भौतिकीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालत आला आहे. कर्करोगाच्या रुग्णाला किरणांची मात्रा किती द्यायची, याचे गणित ही माणसे बसवतात. आणि तिसरे दार तंत्रज्ञाचे. तिथे फोटो निघतो. हा फोटोच वाकडा निघाला, तर पुढचा एम.डी. त्यातून काय वाचणार? कंपाउंडरची उपमा मला म्हणून पटत नाही. पण हेही खरे, की पगार सुरुवातीला बेताचाच असतो, खाजगी ठिकाणी तर फारच बेताचा, आणि रात्रपाळी चुकत नाही. हे मी त्यांच्यापासून लपवले नाही.

शेतकऱ्याच्या पोरांनी यंत्राला भ्यावे, असे मात्र मुळीच नाही. सी.टी. स्कॅन हे यंत्र ज्याने काढले, तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. पाच भावंडांत धाकटा. शेतावरची यंत्रे उघडून पाहण्यात त्याचे बालपण गेले. गवताच्या गंजीवरून घरी बनवलेले विमान घेऊन उड्या मारायचा. विद्यापीठाची पदवी त्याने घेतलेली नव्हती. त्याच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला, की बंद पेटीतून चहूबाजूंनी किरण सोडले आणि पलीकडे किती पोचले ते मोजले, तर आत काय आहे ते न उघडता सांगता येईल का? पहिल्या प्रयोगात एका चित्राची मोजणी करायला नऊ दिवस लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले, आणि १९७९ साली हाउन्सफील्डला नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच काम काही सेकंदांत होते. एम.आर.आय.साठी २००३ साली नोबेल मिळालेल्या पीटर मॅन्सफील्डनेही पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्यात उमेदवारी केली होती.

आता गुरुजी आणि बाई, तुमच्याकडे वळतो. आमच्या विद्येचा पाया तुमच्या वर्गात घालता येतो आणि त्याला यंत्र लागत नाही. संध्याकाळी एक दिवा लावा. दिवा आणि भिंत यांच्या मध्ये मुलाला हात धरायला सांगा. हात भिंतीजवळ नेला की सावली रेखीव पडते, दिव्याकडे आणला की ती मोठी आणि फुसकी होते. क्ष-किरणांचा फोटो म्हणजे अशीच सावली. हाडात चुन्याचा अंश असतो, ते किरण अडवते. फुप्फुसात हवा, तिच्यातून किरण पार जातात. छातीचा फोटो काढताना रुग्णाची छाती पाटीला टेकवतात आणि यंत्र पाठीमागे सहा फुटांवर ठेवतात. का? हृदय छातीच्या पुढच्या अंगाला असते. ते पाटीजवळ आणले आणि किरणांचा उगम लांब नेला, म्हणजे सावली खऱ्या आकाराच्या जवळ जाते. नाहीतर चांगले हृदय वाढलेले दिसायचे, आणि भलतेच औषध सुरू व्हायचे. आमच्या या मुलीला हे एका मिनिटात कळले, कारण तिच्या शाळेत कंदिलाचा प्रयोग झाला होता. शहरातली दोन मुले तीच गोष्ट पाठ करीत बसली होती.

किरणांची भीती घरोघरी असते, विशेषतः मुलीच्या आईला. ती अगदीच अनाठायी नाही. विल्हेल्म राँटगेन याने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत हे किरण शोधले, तेव्हा त्यांचा उपद्रव कुणालाच ठाऊक नव्हता. सुरुवातीच्या माणसांनी आपलेच हात किरणांखाली धरून यंत्रे पारखली आणि हात गमावले, काहींनी प्राण गमावले. हांबुर्ग शहरात १९३६ साली अशा लोकांचे स्मारक उभारले. त्यावर प्रथम १६९ नावे होती. पण आज तंत्रज्ञ त्या किरणांत उभा राहत नाही. दिव्यापासून दुप्पट लांब गेलात तर उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो, किरणांचेही तेच. म्हणून अंतर राखायचे, शिशाच्या आडोशाला उभे राहायचे, आणि फोटो पहिल्याच खेपेस नीट काढायचा. छातीवर एक बिल्ला लावलेला असतो, शिशाचा अंगरखा घातला तर त्याच्या आत. अंगावर किती किरण पडले याची नोंद तो बिल्ला ठेवतो, आणि दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. आपल्याकडे १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ यावर देखरेख करते. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही कामगाराची मर्यादा. छातीच्या एका फोटोला एक दशांश मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी लागते. बिल्ला कपाटात ठेवून काम करणारे शूर मी पाहिले आहेत. मुलीला पहिल्याच दिवशी बजावले, तसे करशील तर माझ्याकडे येऊ नकोस.

एम.आर.आय.मध्ये हे किरण नसतात, तिथे प्रचंड लोहचुंबक असते. नेहमीच्या यंत्राचे चुंबक दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. ते फोटो काढत नसतानाही चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात प्राणवायूचे लोखंडी नळकांडे घेऊन एक तरुण आत गेला आणि यंत्राने त्याला नळकांड्यासह खेचून घेतले. तो दगावला. दारावरच्या माणसाने 'थांबा' म्हणायचे असते. हेही त्या नोकरीतलेच काम आहे.

पण मला विचाराल तर या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट यंत्रात नाही, बोलण्यात आहे. फोटो निघेपर्यंत रुग्णाने श्वास रोखायला हवा. शहरातला पोरगा काचेमागून ओरडतो, "श्वास रोखून धरा!" वेल्ह्याकडची म्हातारी नुसती बघत राहते. आमची मुलगी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "आजी, वाईच दम धरा." फोटो पहिल्याच खेपेला येतो. तरुण बाईच्या पोटाचा फोटो असेल, तर दिवस गेलेत का हे विचारावेच लागते. सासू शेजारी उभी असताना सून खरे सांगेल काय? तिला बाजूला घेऊन विचारावे लागते. खेड्यातून आलेल्या मुलाला ही रीत घरूनच आलेली असते. त्याला ती न्यूनता वाटते, हे आपले दुर्दैव.

मोह होतील, तेही सांगून ठेवतो. नातेवाईक बाहेर गाठतात, "साहेब, काय आहे तेवढं सांगा की." सांगायचे नाही. निदान डॉक्टरांचे काम. सोनोग्राफीच्या खोलीत तर आणखीच जपायचे. ध्वनिलहरींचे ते यंत्र निरुपद्रवी, पण त्याने आपल्या राज्यात मुलींचा घात केला. गर्भाचे लिंग सांगण्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, पुढे १९९४ चा केंद्राचा कायदा आला. तरीही सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती, ती २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४ झाली. सांगणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चिठ्ठीत घडी घालून नोटा देणारे येतात, तंत्रज्ञाला मधला माणूस करू पाहतात. आपल्या मुलाला या खोलीत धाडताना हे घरी मोकळेपणी बोला.

ती मुलगी दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या रीतसर अभ्यासाला लागली. पुण्यात खोली परवडेना, म्हणून पहिले वर्षभर सासवडहून दिवे घाट उतरून रोज यायची. आता उमेदवारी चालू आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. बिल्ल्याचा तीन महिन्यांचा अहवाल आला होता.

"काका, शून्य आलंय!"

मी म्हटले, "शाबास. वडिलांना सांगितलंस का?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, एवढी फी भरली आणि शून्य आलं, तर हसतीस काय?"